मनाचे आजार आणि विम्याचे छत्र

घरात आजारपण आले की कुटुंबाचा जमाखर्च कोलमडतो, हे ग्रामीण महाराष्ट्राला कोणी नव्याने सांगावयास नको. अपघात झाला, हृदयाचे दुखणे उद्भवले किंवा मूत्रपिंड निकामी झाले, तर आज खेड्यातील माणूसही पहिला प्रश्न विचारतो तो असा, की हा उपचार योजनेत बसतो काय? गेल्या पंधरा वर्षांत शासनाच्या आरोग्य योजनांनी लोकांना ही सवय लावली आहे आणि ती चांगली आहे. परंतु घरातील तरुण मुलगा एकाएकी अबोल झाला, स्वतःशीच पुटपुटू लागला, किंवा चार वर्षांचे मूल अद्याप एक शब्दही बोलत नसले, तर हाच प्रश्न कोणाच्या ओठावर येत नाही. मनाच्या व वर्तनाच्या दुखण्यालाही विम्याचे संरक्षण असू शकते, ही गोष्टच अनेकांना ठाऊक नाही. कायद्याने दिलेला हक्क माहितीअभावी वापरला गेला नाही, तर तो कागदावरच राहतो. यास्तव या संरक्षणाचे स्वरूप काय, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यात कोणते साहाय्य करावे, याची माहिती प्रत्येक शिक्षकास, पंचायत सदस्यास व शासकीय कर्मचाऱ्यास असणे अगत्याचे आहे.

दुखण्याचा आवाका

बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजेच ‘निमहान्स’ने, २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तथापि शेजारच्या गुजरात, मध्य प्रदेश व छत्तीसगड या राज्यांचा होता, आणि निष्कर्षांचा बोध आपणांसही लागू पडणारा आहे. सर्वेक्षणाच्या वेळी सुमारे १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींना कोणता ना कोणता मानसिक विकार होता. आयुष्यात कधीतरी असा विकार झालेल्यांचे प्रमाण १३.७ टक्के होते.

याहून अधिक विचार करावयास लावणारा आकडा उपचाराचा आहे. विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना राहिले असल्याचे आढळले. नैराश्य, चिंताविकार यांसारख्या सामान्य विकारांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ८५ टक्के होते. दहा रुग्णांपैकी आठ-नऊ जणांपर्यंत औषध वा समुपदेशन पोहोचलेच नाही, असा याचा सरळ अर्थ होय.

याची कारणे अनेक आहेत. लोकलज्जा हे एक. बाहेरची बाधा झाली या समजुतीने देवऋषी व मांत्रिक यांच्याकडे धाव घेण्याची प्रवृत्ती हे दुसरे. तमिळनाडूतील एरवाडी येथे २००१ मध्ये एका निवासगृहास आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण पळताही न आल्याने मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेने या प्रवृत्तीचे भीषण रूप देशासमोर आले. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करून, भूत उतरविण्याच्या नावाखाली रुग्णास बांधणे व मारहाण करणे हा गुन्हा ठरविला आहे. तिसरे कारण म्हणजे खर्च. मानसिक आजारावरील उपचार व त्यासाठीचा प्रवास यांपायी कुटुंबांना महिन्याला सुमारे १,००० ते १,५०० रुपये पदरचे घालावे लागतात, असे त्याच सर्वेक्षणात दिसून आले. मजुरी बुडते ती वेगळीच. रुग्णाचे कमावते वयच आजारात गेले असेल, तर हा भार दुहेरी होतो. विम्याचा संबंध येतो तो या तिसऱ्या कारणाशी.

कायद्याची वाटचाल

इंग्रजी राजवटीत १९१२ साली झालेल्या कायद्याचा सारा भर रुग्णास बंदिस्त ठेवण्यावर होता. स्वातंत्र्यानंतर १९८७ मध्ये मानसिक आरोग्य अधिनियम आला. त्याने रुग्णालयांच्या कारभारास शिस्त लावली. परंतु उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, असे त्यात म्हटलेले नव्हते. दरम्यान १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला होता. कर्नाटकातील बेळ्ळारी जिल्ह्यात निमहान्सने राबविलेल्या प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमास प्रारंभ झाला. मोठ्या मनोरुग्णालयापर्यंत रुग्णाने जाण्याऐवजी उपचारच जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी न्यावयाचे, ही त्यामागील कल्पना होय.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा आहे. तो २९ मे २०१८ पासून अंमलात आला. शासनाने चालविलेल्या किंवा शासनाच्या अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या सेवांतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क या कायद्याच्या कलम १८ ने प्रत्येक व्यक्तीस दिला. दारिद्र्यरेषेखालील व निराधार व्यक्तींना हे उपचार विनामूल्य मिळावेत, अशी तरतूद त्यात आहे. आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे शासकीय संस्थांत विनाशुल्क द्यावीत, असेही त्यात नमूद आहे. किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसल्यास रुग्णास जिल्ह्यातील अन्य ठिकाणी उपचार घेता येतील आणि तो खर्च संबंधित शासन सोशील, इतपत स्पष्टता या कलमात आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला उपचार व पुनर्वसन मिळावे, अशी भूमिका कलम ११५ मध्ये घेतलेली आहे.

समानतेचे कलम

विम्याच्या दृष्टीने या कायद्याचे कलम २१, पोटकलम ४ सर्वांत महत्त्वाचे आहे. शारीरिक आजारावरील उपचारांसाठी ज्या तत्त्वावर वैद्यकीय विमा उपलब्ध आहे, त्याच तत्त्वावर मानसिक आजारावरील उपचारांसाठीही प्रत्येक विमा कंपनीने तरतूद केली पाहिजे, असे हे कलम सांगते. तत्पूर्वी बहुसंख्य आरोग्य विमापत्रांत मानसिक विकार हे वगळलेल्या आजारांच्या यादीत असत. हप्ता भरूनही ऐन गरजेच्या वेळी हात रिकामेच राहत.

कायदा अंमलात आल्यानंतर भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१८ रोजी परिपत्रक काढून सर्व कंपन्यांना या कलमाचे पालन करण्याचा आदेश दिला. काही विमापत्रांत जुने अपवाद तसेच चालू राहिले. एका विमाधारक महिलेचा दावा अशाच कारणाने नाकारला गेला असता, २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कायदा लागू झाल्याच्या दिवसापासूनच कंपन्या या तरतुदीने बांधील आहेत. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राधिकरणाने पुन्हा आदेश काढला आणि त्या महिन्याच्या ३१ तारखेपर्यंत सर्व आरोग्य विमापत्रांत मानसिक आजाराचे संरक्षण समाविष्ट करण्यास बजावले.

समान तत्त्व याचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. शारीरिक आजाराला ज्या अटी लागू असतील, त्याच मानसिक आजारालाही लागू होतात. विमा घेण्यापूर्वीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाल असू शकतो. २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त ३ वर्षे आहे. विमा घेताना पूर्वीचा आजार लपविल्यास दावा अडचणीत येतो. मद्य व अंमली पदार्थ यांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था कायद्याच्या व्याख्येत येतात. तरीही व्यसनावरील उपचार वगळण्याचे कलम अनेक विमापत्रांत आढळते. ते वाचल्याविना स्वाक्षरी करू नये.

खाट आणि खुर्ची

या संरक्षणाची एक मोठी मर्यादा उपचारांच्या स्वरूपातच आहे. आरोग्य विम्याची सारी रचना मुख्यतः रुग्णालयातील खाटेभोवती उभी आहे. रुग्ण दाखल झाला, त्याच्यावर शस्त्रक्रिया वा उपचार झाले, तो घरी गेला, की देयक तयार होते व दावा मंजूर होतो. मानसिक आजाराचे बहुतांश उपचार मात्र खाटेवर होत नाहीत. ते तज्ज्ञासमोरील खुर्चीत होतात. नैराश्याचा रुग्ण दर पंधरवड्याने येतो, डॉक्टरांशी बोलतो, औषधे घेऊन जातो. वर्तनोपचार, समुपदेशन, वाचाउपचार, व्यवसायोपचार यांची सत्रे आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन् महिने चालतात. प्रत्येक सत्राचा खर्च लहान असला तरी त्याची बेरीज मोठी होते, आणि बाह्यरुग्ण उपचार म्हणून ती पुष्कळदा विम्याच्या कक्षेबाहेर राहते.

साहजिकच कायद्याने समानता दिली असली, तरी प्रत्यक्षात ती अर्धीच पदरात पडते. ज्याला दाखल व्हावे लागते त्याला विमा उपयोगी पडतो. वेळीच उपचार घेऊन जो दाखल होण्याची वेळच येऊ देत नाही, त्याला खर्च स्वतः करावा लागतो. ही विसंगती ओळखूनच पुढील मार्गांचा विचार करावा लागेल. जेथे खाटेची गरज आहे तेथे आरोग्य विमा व हमी योजना. जेथे खुर्चीची गरज आहे तेथे जिल्हा कार्यक्रम, शासकीय बाह्यरुग्ण विभाग आणि विशेष योजना, अशी ही विभागणी आहे.

शासनाच्या आरोग्य योजना

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तीत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे आंतररुग्ण उपचार विनामूल्य मिळतात. आजार पूर्वीपासूनचा असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण लागू होते, हा तिचा विशेष होय. दीर्घकाळ चालणाऱ्या मानसिक विकारांच्या बाबतीत तो फार मोलाचा आहे. या योजनेच्या उपचारयादीत मानसिक विकारांचा स्वतंत्र विभाग आहे. छिन्नमनस्कता, भावविकार, तणावजन्य विकार, तसेच मादक पदार्थांच्या सेवनाने होणारे विकार यांचा त्यात अंतर्भाव होतो. हे उपचार प्रामुख्याने शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व वृद्धांना, उत्पन्नाचा विचार न करता, या योजनेचा लाभ खुला झाला.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने राज्यभर चालू राहिली. एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या योजनेशी एकत्रितपणे राबविली जाऊ लागली. २०२३ मधील शासन निर्णयाने तिचे संरक्षण दीड लाखावरून ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले आणि राज्यातील सर्व कुटुंबांना ती खुली झाली. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो. कोणत्या रुग्णालयात कोणता उपचार योजनेखाली होतो, याची खात्री रुग्णास दाखल करण्यापूर्वीच त्याच्याकडून करून घ्यावी. १५५३८८ व १४५५५ या विनाशुल्क क्रमांकांवरही ही माहिती मिळते.

ठाणे, पुणे येथील येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील मानसोपचार विभाग हा या सेवेचा आधार आहे. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार कक्षात बाह्यरुग्ण तपासणी व औषधे यांची सोय असते. जिल्हा कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचार तज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, परिचारिका व सामाजिक कार्यकर्ता यांची पदे असतात. गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात द्यावयाच्या १२ सेवागटांतही मानसिक विकारांच्या प्राथमिक तपासणीचा समावेश आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतूनही, विनामूल्य सल्ला मिळतो. या सेवांसाठी विमापत्राची गरज नाही.

कामगारांच्या बाबतीत १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली कर्मचारी राज्य विमा योजना हे एक जुने व भक्कम उदाहरण आहे. तिच्या दवाखान्यात बाह्यरुग्ण उपचारही मिळतात. म्हणजे खाट आणि खुर्ची असा भेद तिने पूर्वीपासूनच फारसा मानलेला नाही. दीर्घ मुदतीच्या ज्या ३४ आजारांसाठी वाढीव आजारपण लाभ दिला जातो, त्यांत तीव्र मनोविकारांचाही समावेश आहे. आवश्यक अंशदानाची अट पूर्ण करणाऱ्या कामगारास वेतनाच्या ८० टक्के दराने, कमाल २ वर्षांपर्यंत हा लाभ मिळू शकतो. आजारामुळे केवळ औषधांचा खर्च होतो असे नाही, तर मिळकतही थांबते, हे ओळखणारी ही तरतूद आहे.

बालकांचे विशेष उपचार

मुलांच्या विकासातील अडचणी हा मानसिक आजाराहून वेगळा विषय आहे. २०१७ च्या कायद्याच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे वगळलेली आहे. तो आजार नसून विकासातील अवस्था आहे, असे त्यामागील कारण होय. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना औषधांपेक्षा दीर्घकालीन प्रशिक्षणाची व उपचारसत्रांची गरज असते. बोलावयास शिकविणारा वाचाउपचार, हातांच्या हालचाली व दैनंदिन कामे शिकविणारा व्यवसायोपचार, स्नायूंना बळ देणारा भौतिकोपचार आणि वागणुकीस वळण लावणारा वर्तनोपचार, असे त्याचे प्रकार आहेत. हे उपचार जितक्या लवकर सुरू होतील, तितका लाभ अधिक, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेले आहे. सहाव्या वर्षी शाळेत दाखल करताना लक्षात येण्याऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अंगणवाडीत ही बाब लक्षात आली, तर मुलाच्या पुढील आयुष्याची दिशाच बदलू शकते.

यासाठी असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून, म्हणजे महाराष्ट्राच्याच भूमीतून, देशभर सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारी फिरती आरोग्य पथके अंगणवाडीस वर्षातून दोनदा व शाळेस एकदा भेट देतात. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची उणीव आणि विकासातील विलंब, अशा चार अंगांनी ही तपासणी होते. विलंब आढळलेल्या मुलास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. तेथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचाउपचार व भौतिकोपचार तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांची सेवा एकाच छताखाली, विनाशुल्क मिळावी, अशी योजना आहे.

याखेरीज ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना या मुलांसाठी व प्रौढांसाठीही आहे. १९९९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेला राष्ट्रीय न्यास २००८ पासून ती राबवीत आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता या चार प्रकारच्या व्यक्तींना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ती देते. वयाची अट नाही, विम्यापूर्वीची वैद्यकीय तपासणी नाही आणि शुल्क अल्प असून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना ते आणखी कमी आहे. हिचा सर्वांत मोठा विशेष असा, की रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या बाह्यरुग्ण उपचारांचा व सातत्याने चालणाऱ्या उपचारसत्रांचा खर्चही तीत ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. आधी खर्च करून नंतर देयकांच्या आधारे प्रतिपूर्ती, अशी तिची पद्धत आहे. तिचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते. मुदतीत नूतनीकरण न केल्यास संरक्षण खंडित होते. नोंदणी राष्ट्रीय न्यासाशी संलग्न संस्थांमार्फत करता येते.

कोणास काय लागू?

दोन कल्पित उदाहरणांनी हा भेद स्पष्ट होईल. एका शेतमजूर कुटुंबातील २० वर्षांच्या तरुणास छिन्नमनस्कतेचा तीव्र झटका आला आहे. त्यास ‘निरामय’ लागू होणार नाही. कारण त्याचा विकार त्या चार प्रकारांत बसत नाही. त्याला दाखल करावयाचे झाल्यास जन आरोग्य योजनेखालील शासकीय रुग्णालय हा मार्ग होय. घरी परतल्यावर जिल्हा कार्यक्रमाच्या बाह्यरुग्ण विभागातून औषधे नियमित घ्यावयाची. औषध मध्येच थांबविल्यास आजार उलटण्याचा धोका असल्याने हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. आजार दीर्घकाळ राहिला, तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत मानसिक आजाराचा समावेश असल्याने त्यास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही मिळू शकते.

दुसऱ्या कुटुंबातील चार वर्षांच्या मुलीस स्वमग्नता आहे. तिला रुग्णालयातील खाटेची गरज नाही. तिच्यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र आणि ‘निरामय’ची नोंदणी, हा क्रम योग्य होय. तिसऱ्या एखाद्या मुलास अध्ययन अक्षमता असेल, तर तो २१ प्रकारांत येतो, परंतु ‘निरामय’च्या चार प्रकारांत येत नाही. प्रकार न पाहता अर्ज भरून दिले, तर पालकांचे श्रम वाया जातात आणि योजनेवरील विश्वासही उडतो.

दावा नाकारल्यास

खाजगी वा सार्वजनिक विमा कंपनीने मानसिक आजार या कारणास्तव दावा नाकारल्यास निराश होण्याचे कारण नाही. नकाराचे कारण लेखी मागावे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, कलम २१ पोटकलम ४ चा उल्लेख करून, लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे दाद मागता येते. मुंबई व पुणे येथे अशी कार्यालये आहेत. त्यासाठी शुल्क नाही व वकिलाचीही गरज नाही. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी, दाखल केल्याचे व घरी सोडल्याचे कागद आणि औषधांच्या पावत्या जपून ठेवणे हीच यातील खरी तयारी होय.

शाळा, पंचायत आणि कार्यालये

या साऱ्या तरतुदी रुग्णापर्यंत पोहोचविणारा दुवा गावातच असतो. वर्गात सतत मागे पडणारे, एकाकी राहणारे किंवा अकारण चिडणारे मूल शिक्षकाच्या नजरेस प्रथम येते. त्यास आळशी वा हट्टी ठरविण्यापूर्वी त्याचे नाव आरोग्य पथकाच्या भेटीसाठी नोंदवून ठेवावे आणि पथकाने पुढे पाठविलेले मूल केंद्रात खरोखर गेले काय, याची पालकांकडे चौकशी करावी. बहुतेक मुले गळतात ती तपासणी आणि उपचार यांच्या मधल्या या वाटेवरच.

ग्रामपंचायतीस याहूनही थेट साहाय्य करता येईल. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावा, असे शासनाचे धोरण आहे. गावातील पात्र व्यक्तींच्या ‘निरामय’ नोंदणीचे शुल्क किंवा उपचारकेंद्रापर्यंतचे प्रवासभाडे या निधीतून, नियमांच्या अधीन राहून, देता येईल काय, याचा विचार ग्रामसभेने करावा. वर्षाच्या आरंभी पात्र व्यक्तींची यादी करून मार्चअखेर नूतनीकरणाची आठवण करून दिली, तरी मोठे काम होईल. यादी करताना रुग्णाचे नाव व आजार चव्हाट्यावर येणार नाही, ही दक्षता मात्र घेतलीच पाहिजे. आजाराविषयी गोपनीयता हाही २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे.

आशा स्वयंसेविका व अंगणवाडी सेविका यांचा घराघरांत प्रवेश असतो. दरवाजाआड कोंडून ठेवलेल्या रुग्णाची माहिती त्यांना सर्वांआधी कळते. ती आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत पोहोचविणे, हा त्यांच्या कामाचा भाग मानला जावा. महसूल व पंचायत कार्यालयांनी उत्पन्नाचे दाखले, शिधापत्रिकेतील दुरुस्त्या व आधार जोडणी यांत अशा कुटुंबांना अग्रक्रम द्यावा. मनोरुग्णास घेऊन कार्यालयाच्या दारी चार खेपा घालणे, हे त्याच्या आईवडिलांना किती जड जाते, याची जाणीव प्रत्येक लिपिकाने ठेवावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

विमा हा आजार बरा करीत नाही. उपचारापर्यंतची वाट तो मोकळी करतो. ही वाट अद्याप पूर्ण झालेली नाही. बाह्यरुग्ण उपचार व विशेष उपचारसत्रे यांना आरोग्य विम्यात अधिक स्थान मिळणे आवश्यक आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तज्ज्ञांची पदे भरलेली राहणे त्याहून आवश्यक आहे. परंतु जे आज उपलब्ध आहे, तेवढे तरी गरजू कुटुंबाच्या दारी पोहोचविण्यासाठी कोणत्याही नव्या आदेशाची वाट पाहावयास नको. पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत आणि शाळेच्या पालकसभेत हा एक विषय घेतला, तरी आरंभ होईल.